पैसा जिथे, मूल तिथे

१९०९च्या जानेवारीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी व्हाइट हाउसमध्ये दोन दिवसांची परिषद भरवली. विषय होता निराधार मुलांचा सांभाळ. अनाथालयांचे चालक, धर्मादाय संस्थांचे पदाधिकारी, बालन्यायालयांचे न्यायाधीश, समाजसुधारक असे सुमारे दोनशे लोक देशभरातून आले होते. ही परिषद व्हावी म्हणून खटपट करणारा जेम्स वेस्ट हा वकील स्वतः वॉशिंग्टनमधल्या अनाथालयात वाढलेला होता. परिषदेने एकमताने जे ठरवले ते थोडक्यात असे : केवळ गरिबीपायी मुलाला आईबापांपासून तोडू नये, घरी ठेवणे शक्यच नसेल तर त्याला दुसऱ्या चांगल्या कुटुंबात ठेवावे, आणि संस्थेत ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल तर ती संस्था लहान लहान घरकुलांची असावी, बराकीसारखी नसावी. यानंतर १०९ वर्षांनी, २०१८च्या फेब्रुवारीत, अमेरिकी काँग्रेसने ‘फॅमिली फर्स्ट’ नावाचा कायदा केला. सरकारी ताब्यातल्या मुलाला ग्रुप होममध्ये, म्हणजे पगारी कर्मचाऱ्यांनी चालवलेल्या सामूहिक घरात, ठेवले तर काही अपवाद वगळता दोन आठवड्यांनंतर केंद्र सरकार त्याचा खर्च देणार नाही, हे त्यातले एक मुख्य कलम. ज्या गोष्टीबद्दल अनाथालयांचे चालकसुद्धा एकमुखाने बोलत होते, ती कायद्यात उतरायला शतक का लागावे?

या प्रश्नाची दोन उत्तरे नेहमी दिली जातात. एक असे की, मुलांच्या मनाविषयीचे ज्ञान हळूहळू वाढले आणि त्याप्रमाणे व्यवस्था सुधारत गेली. दुसरे असे की, समाजाला या मुलांची पर्वाच नव्हती. दोन्हींत तथ्य आहे, पण अमेरिकेतल्या निराधार मुलांचा दीडशे वर्षांचा इतिहास तपासला तर तिसरेच उत्तर अधिक पटते. मूल कुठे झोपणार हे बहुतेक वेळा तत्त्वाने ठरले नाही. सरकार कोणत्या खाटेचे पैसे भरते यावरून ठरले. पैसा संस्थेकडे वळला तेव्हा संस्था भरल्या, आईकडे वळला तेव्हा त्या ओस पडल्या, आणि मुलाला घराबाहेर काढण्यासाठी पैसा मिळू लागला तेव्हा घराबाहेरच्या मुलांची संख्या वाढली. १९०९च्या परिषदेने ठराव केला. अंदाजपत्रक केले नाही. त्यामुळे हा इतिहास दयेच्या चढउताराचा म्हणून वाचण्यापेक्षा हिशेबाच्या वह्यांचा म्हणून वाचला तर अधिक उलगडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत निराधार मुलांची सोय मुख्यतः दोन प्रकारे होई. थोड्या मोठ्या मुलाला करारावर एखाद्या शेतकऱ्याकडे किंवा कारागिराकडे ठेवत. तो पोटाला घाली आणि मूल सज्ञान होईपर्यंत त्याच्यासाठी राबे. बाकीची मुले गावच्या गरीबगृहात जात. तिथे वेडे, दारुडे, अपंग, वृद्ध आणि तान्ही बाळे एकाच छपराखाली असत. चार्ल्‌स्टन शहराने १७९०मध्ये सरकारी खर्चाने अनाथालय काढले होते, पण अशा संस्थांची रीघ लागली ती १८३०नंतर. कॉलऱ्याच्या साथी, आयर्लंड-जर्मनीतून येणारे लोंढे, कारखान्यांतले अपघात आणि पुढे यादवी युद्ध यांनी कुटुंबे मोडत गेली. मात्र या अनाथालयांतली बहुतेक मुले शब्दशः अनाथ नव्हती. कोणाची विधवा आई कपडे धुण्याच्या कामावर जाई, कोणाचा विधुर बाप काम शोधत गावोगाव फिरे. हे पालक मूल काही महिने किंवा वर्षे संस्थेत ठेवत, जमेल तेव्हा थोडे पैसे भरत आणि दिवस बरे आले की त्याला घरी नेत. म्हणजे आज ज्याला आपण अनाथालय म्हणतो ते पुष्कळ अंशी गरिबांचे पाळणाघर होते. त्या आईला आठवड्याला चार पैसे मिळाले असते तर मूल घरातच राहिले असते. पण तिला पैसे देण्याची सोय कुणाच्याच वहीत नव्हती.

संस्थांविरुद्ध पहिला मोठा आवाज उठवला तो चार्ल्‌स लोरिंग ब्रेस या तरुण पाद्र्याने. १८५३मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ स्थापली. शिस्तीच्या नावाखाली शेकडो मुलांना एकाच साच्यात घालणारी अनाथालये मुलाची उमेद मारतात, मूल वाढावे तर शेतकरी कुटुंबातच, असे त्याचे म्हणणे होते. १८५४च्या शरदात मुलांची पहिली तुकडी रेल्वेने मिशिगनमधल्या डोवाजियॅक या गावी पोहोचली. तिथून सुरू झालेली ही प्रथा १९२९पर्यंत चालली. सोसायटी आणि तिच्यासारख्या संस्थांनी मिळून दोन लाखांहून अधिक मुले पश्चिमेकडच्या गावांत पोहोचवली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. गावच्या सभागृहात मुले रांगेत उभी करत आणि गावकरी त्यांतून निवड करत. काहींना खरोखर घर मिळाले, काहींना बिनपगारी गडीपण. ब्रेसच्या योजनेतली मेख अशी की, घेणाऱ्या कुटुंबाला एक पैसाही मिळत नसे. साहजिकच मूल ठेवून घेण्याचा मोबदला मुलाच्या श्रमातूनच वसूल होई. कामाला येण्याजोगा बारा वर्षांचा मुलगा पटकन निवडला जाई. आजारी, अशक्त किंवा तान्ह्या मुलाला मागणी नसे. कुटुंबाची थोरवी सांगणाऱ्या या पहिल्या चळवळीनेच एक धडा घालून दिला होता. कुटुंबाला फुकटात राबवायचे ठरवले तर त्याची भरपाई मुलाला करावी लागते.

हा धडा दिसत असतानाच १८७५मध्ये न्यूयॉर्क राज्याने एक कायदा केला. हेतू स्तुत्य होता : ३ ते १६ वर्षांच्या कोणत्याही निरोगी मुलाला गरीबगृहात ठेवायचे नाही. त्यांना कुटुंबात किंवा अनाथालयात पाठवायचे, आणि संस्था शक्यतो त्यांच्या आईबापांच्या धर्माची असावी. खर्च स्थानिक सरकारने भरायचा. व्यवहारात तो भरला गेला दरडोई, म्हणजे संस्थेत जितकी मुले तितके डॉलर. परिणाम कायदा करणाऱ्यांच्या कल्पनेपलीकडचा झाला. गरीबगृहे मुलांपासून मोकळी झाली खरी, पण अनाथालये फुगली. कॅथलिक, ज्यू, प्रॉटेस्टंट संस्थांनी नव्या इमारती उठवल्या आणि हजार-हजार मुलांची वसतिस्थाने उभी राहिली. राज्याच्या धर्मादाय मंडळाच्या सदस्य जोसेफीन शॉ लोवेल यांनी यावर सतत टीका केली. मूल जितके जास्त दिवस ठेवावे तितके संस्थेचे उत्पन्न वाढत असेल तर त्याला घरी किंवा दुसऱ्या कुटुंबात पाठवण्याची घाई कोण करील, हा त्यांच्या टीकेचा गाभा. तिकडे कॅलिफोर्नियानेही असेच केले. आईबाप दोन्ही गमावलेल्या मुलामागे वर्षाला १०० डॉलर आणि एक पालक हयात असलेल्या मुलामागे ७५ डॉलर अशी मदत राज्य संस्थांना देऊ लागले. लोकसंख्येच्या मानाने अनाथालयांत सर्वाधिक मुले असलेल्या राज्यांत न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांची नावे पुढे राहिली, हा योगायोग म्हणता येत नाही.

कारण त्याच काळात, त्याच देशात, वेगळे हिशेब ठेवणारी राज्येही होती. मिशिगनने १८७४मध्ये कोल्डवॉटर येथे एकच सरकारी शाळा काढली. ती मुले कायमची ठेवण्यासाठी नव्हतीच. काही काळ सांभाळून त्यांना कुटुंबांत पाठवायचे, हे तिचे काम. इथे दरडोई अनुदान नसल्याने मूल अडकवून ठेवण्यात कुणाचा लाभ नव्हता. मॅसॅच्युसेट्सने १८६०च्या दशकाच्या अखेरीसच एक पाऊल पुढे टाकले आणि मुले सांभाळणाऱ्या कुटुंबांना जेवणखाण-राहण्याचा खर्च द्यायला सुरुवात केली. त्यामुळे ब्रेसच्या योजनेत ज्यांना कुणी घेत नसे अशा लहान मुलांसाठीही घरे मिळू लागली आणि पैसे देणाऱ्या सरकारला त्या घरांची तपासणी करण्याचा हक्कही मिळाला. होमर फोक्स या सुधारकाने १९०२मध्ये निराधार मुलांच्या व्यवस्थेवर पुस्तक लिहिले, त्यात राज्याराज्यांतल्या या निरनिराळ्या पद्धती शेजारी-शेजारी मांडून दाखवल्या. आजच्या भाषेत ज्याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात तसाच हा प्रकार : माणसे तीच, धर्म तेच, मातृप्रेमाविषयीच्या कल्पना त्याच, फरक अनुदानाच्या रीतीत, आणि त्याबरोबर मुलांच्या पत्त्यात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, पैशाला इतके महत्त्व देऊन मी धर्माला आणि वंशाला विसरतो आहे. आक्षेप रास्त आहे. ब्रेसच्या गाड्या कॅथलिक मुलांना प्रॉटेस्टंट घरांत नेऊन सोडतात, हा राग न्यूयॉर्कच्या कॅथलिक समाजाच्या मनात खोल होता. १८६३मधली कॅथलिक प्रोटेक्टरी आणि १८६९मधले फाउंडलिंग अनाथालय या दोन्ही संस्थांमागे आपली मुले आपल्या धर्मात राहावीत ही तळमळ होती. पण तळमळीने इमारतीचा पाया घातला जातो. तिच्यावर मजले चढले ते दरडोई अनुदानाने. वंशाच्या बाबतीत तर हिशेब आणखी बोलका आहे. बहुतेक अनाथालये कृष्णवर्णीय मुलांना घेतच नसत. १९०९च्या परिषदेत कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांनी सांगितले की, कृष्णवर्णीय समाज आपली पोरकी मुले आपल्या नात्यागोत्यात, शेजारपाजारात सामावून घेतो, म्हणून संस्थांत ती थोडी दिसतात. म्हणजे ज्या समाजाकडे अनुदान पोहोचलेच नव्हते, तो परिषदेने नुकताच आदर्श म्हणून मांडलेला मार्ग पिढ्यानपिढ्या स्वतःच्या खर्चाने चालत होता. त्या मावश्यांना, आज्यांना सरकारी मदत द्यावी असे मात्र कुणाला सुचले नाही.

परिषदेनंतर पैशाचा प्रवाह पहिल्यांदा वळला तो आईकडे. १९११मध्ये इलिनॉय राज्याने निराधार मातांना मुले घरीच वाढवता यावीत म्हणून निवृत्तिवेतनासारखी मासिक मदत देण्याचा कायदा केला आणि १९२०पर्यंत सुमारे ४० राज्यांनी त्याचे अनुकरण केले. रक्कम तुटपुंजी होती. अविवाहित आणि कृष्णवर्णीय माता तिच्यापासून बहुतांशी वंचितच राहिल्या. तरी तत्त्व मान्य झाले होते. त्याच सुमारास वैद्यकीय पुरावाही पुढे आला. १९१५मध्ये हेन्री ड्वाइट चेपिन या बालरोगतज्ज्ञाने दहा शिशुगृहांची पाहणी मांडली. त्यांपैकी एक सोडून बाकी सर्वांत दोन वर्षांखालचे प्रत्येक दाखल मूल दगावले होते. इतका भीषण पुरावा समोर असूनही १९३०च्या महामंदीत अनाथालये पुन्हा तुडुंब भरली, कारण राज्यांच्या तिजोऱ्या रित्या होत्या. अनाथालयांना खरी ओहोटी लागली ती १९३५च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर. त्या कायद्याने गरीब मातांच्या मुलांसाठी केंद्राचा पैसा उपलब्ध केला. पुढे १९४५मध्ये रेने स्पिट्झ आणि १९५१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी जॉन बोल्बी यांनी मायेविना वाढणाऱ्या बाळांवर गाजलेले संशोधन मांडले, पण तोवर अनाथालयांचा उतार सुरू झालेला होता. १९५०च्या सुमारास प्रतिपालक कुटुंबांत राहणाऱ्या मुलांची संख्या प्रथमच संस्थांतल्या मुलांहून अधिक झाली आणि १९६०पर्यंत दुपटीच्या पुढे गेली. ज्ञानाने व्यवस्था बदलली असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. चेपिनच्या आकड्यांनी जे झाले नाही ते मातेच्या हातातल्या मासिक रकमेने झाले. बोल्बींचे विज्ञान आले ते अर्ध्या झालेल्या बदलाला आधार द्यायला.

पण १९३५च्या याच कायद्यातून पुढचा पेच जन्मला. दक्षिणेकडची राज्ये ‘घर योग्य नाही’ असा शेरा मारून मातांची मदत बंद करू लागली, आणि १९६०मध्ये एकट्या लुइझियानाने सुमारे २३ हजार मुलांची नावे यादीतून काढून टाकली. त्यांतली बहुसंख्य मुले कृष्णवर्णीय होती. ओरड झाल्यावर केंद्राने नियम केला की, घर अयोग्य वाटत असेल तर नुसती मदत तोडता येणार नाही. घर सुधारा, नाहीतर मुलाची दुसरीकडे सोय करा. लगोलग १९६१मध्ये न्यायालयाच्या आदेशाने घराबाहेर काढलेल्या मुलांच्या खर्चाचा वाटा केंद्र उचलू लागले आणि थोड्याच काळात खासगी ना-नफा संस्थांतल्या मुलांनाही ती सोय लागू झाली. घर सुधारण्यासाठी मात्र असा हमखास निधी नव्हता. १९६२मध्ये हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी घरात होणाऱ्या मारहाणीने जखमी झालेल्या मुलांवर शोधनिबंध लिहिला, आणि काही वर्षांतच सर्व राज्यांनी अशा प्रकरणांची खबर देणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. मुले घराबाहेर काढण्याची कारणे अनेक होती; पण त्यांना वाट मिळाली ती पैशाच्या उतारावरून. १९६१मध्ये घराबाहेर सांभाळली जाणारी सुमारे १,७७,००० मुले १९७७पर्यंत ५,००,०००च्या वर गेली. प्रतिपालक कुटुंबे इतकी कुठून आणणार? जुन्या अनाथालयांचे नाव पुसले गेले होते, त्यांची जागा आता ग्रुप होमने घेतली : साध्या वस्तीतले घर, सहा-आठ-बारा मुले, आणि पाळ्यांवर येणारे पगारी कर्मचारी. आकार घराचा, कारभार संस्थेचा.

१९८०च्या कायद्यात काँग्रेसने लिहिले की, मुलाला कमीत कमी निर्बंधांच्या, जास्तीत जास्त कुटुंबासारख्या जागी ठेवावे. मात्र त्याच कायद्याच्या आर्थिक रचनेत घराबाहेरच्या पात्र मुलांसाठी केंद्राचा पैसा अमर्याद राहिला, तर मूल घराबाहेर जाऊच नये म्हणून करायच्या कामासाठी ठरावीक, मोजका. कलमात एक आणि खतावणीत दुसरे अशी ही तऱ्हा जवळजवळ चार दशके चालली. २०१३च्या आकडेवारीनुसार सरकारी ताब्यातल्या सुमारे ४,००,००० मुलांपैकी ५६ हजारांच्या आसपास, म्हणजे सातांतले एक, ग्रुप होम किंवा मोठ्या संस्थेत होते. त्यांत किशोरवयीन मुलांचा भरणा होता, आणि त्यांतल्या सुमारे ४० टक्के मुलांना तिथे ठेवण्याजोगे कोणतेही वैद्यकीय वा मानसिक निदान नोंदलेले नव्हते. कुटुंबात मूल ठेवण्यापेक्षा संस्थेत ठेवण्याचा खर्च सात ते दहापट येतो, हेही याच काळात वारंवार मांडले गेले. म्हणजे सरकार महाग पर्याय निवडत होते, कारण तो तयार होता. संस्थेची खाट रात्री अकरालाही मिळते. पंधरा वर्षांच्या, शाळा बुडवणाऱ्या, तुटक बोलणाऱ्या मुलासाठी कुटुंब शोधायला आठवडे लागतात आणि त्या आठवड्यांचे पैसे कुणी देत नाही.

हे उलटवण्याचा पहिला मोठा प्रयत्न कॅलिफोर्नियाने केला, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. दरडोई अनुदानाने अनाथालये भरणाऱ्या जुन्या राज्यांतले ते एक. २०१५च्या कायद्याने आणि २०१७पासूनच्या अंमलबजावणीने तिथे ग्रुप होम हा वर्ग रद्द करून त्याजागी थोड्या मुदतीची उपचारकेंद्रे ठेवण्यात आली, आणि नातेवाईक असोत की परके, प्रतिपालकांना मान्यता देण्याची पद्धत एक केली. २०१८च्या केंद्रीय कायद्याने हेच देशभर नेले. मानसिक उपचारांची खरी गरज असलेल्या मुलासाठी विशेष दर्जाची निवासी केंद्रे चालतील, पण तज्ज्ञाने ३० दिवसांत ती गरज तपासली पाहिजे. आणि त्याचबरोबर घर मोडू नये म्हणून समुपदेशन, व्यसनमुक्ती, पालकांना मार्गदर्शन यांवरही पहिल्यांदाच घराबाहेरच्या मुलांसाठीच्या त्याच मोठ्या निधीतून खर्च करता येईल. संस्थांतल्या मुलांचे प्रमाण त्यानंतर सुमारे दहा टक्क्यांपर्यंत उतरले.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो आणि तो अनुभवातून येतो. रिचर्ड मॅकेन्झी हे अर्थशास्त्रज्ञ स्वतः उत्तर कॅरोलायनातल्या अनाथालयात वाढले. तिथल्या वाढीविषयी त्यांनी कृतज्ञतेने लिहिले आणि माजी निवासींच्या पाहण्या करून दाखवले की, शिक्षण आणि मिळकत यांत ही माणसे समवयस्कांच्या मागे नव्हती. १९९४मध्ये रिपब्लिकन नेते न्यूट गिंगरिच यांनी अनाथालये परत आणावीत असे सुचवले तेव्हा नेब्रास्कातल्या ‘बॉइज टाउन’ या मुलांच्या संस्थेवरच्या १९३८च्या चित्रपटाचा दाखला दिला होता. या म्हणण्याला टाळून चालणार नाही. पण पाहणीला उत्तर देणारे माजी निवासी हे संस्थेशी नाते टिकवून राहिलेले लोक असतात. जे दुरावले, खचले, मेले त्यांचे उत्तर येत नाही. शिवाय ‘बॉइज टाउन’ने स्वतःच १९७०च्या दशकात मोठी वसतिगृहे सोडून एका विवाहित जोडप्याकडे मोजकी मुले अशी घरे स्वीकारली. लहान मुलांच्या बाबतीत तर संशय उरू नये. अमेरिकी संशोधकांनी २०००पासून बुखारेस्टमध्ये संस्थांतल्या १३६ बाळांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकून निम्मी बाळे प्रतिपालक कुटुंबांत दिली गेली आणि बुद्धी, भाषा, जिव्हाळा या बाबतींत ती पुढे सरकली. किशोरांसाठी इतका निर्णायक पुरावा नाही, हे मान्य. म्हणूनच नव्या कायद्याने उपचारासाठी संस्था ठेवली, राहण्यासाठी नाही. हा फरक योग्य आहे.

तिसरा आक्षेप असा की, कुटुंब म्हणजे आपोआप माया नव्हे. प्रतिपालक घरांतही मारहाण होते, मुले एका घरातून दुसऱ्यात फेकली जातात. हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या, म्हणजे नेमक्या दरडोई अनुदानाच्या भरभराटीत. त्यांनी तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले आणि बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाच्या पैशावर १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. पुढे केडगावला दुष्काळातल्या मुली-बायकांसाठी शेकडोंच्या वस्तीची संस्था उभी राहिली. ज्या बालविधवेला घरानेच छळले होते तिच्यासाठी संस्था हीच सुटका होती. म्हणून घर आणि संस्था यांतले एक पवित्र आणि एक अपवित्र असे मानणे चूक आहे. मात्र रमाबाईंच्या संस्थेची गरज होती ती पर्याय नसल्यामुळे. अमेरिकेतल्या पंधरा वर्षांच्या निरोगी मुलाला विसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रुप होममध्ये पाठवले जाई ते पर्याय न शोधल्यामुळे. आणि प्रतिपालक घर वाईट निघते तेव्हा त्यावर उपाय प्रशिक्षण, देखरेख, भत्ता आणि अडचणीच्या रात्री फोन उचलणारा माणूस, हा आहे. ज्या सरकारला संस्थेसाठी सात ते दहापट पैसे देणे परवडत होते त्याला हे परवडत नाही असे म्हणता येणार नाही.

सर्वांत अवघड आक्षेप ताजा आहे. ग्रुप होम बंद होत गेली तेव्हा टेक्सास, वॉशिंग्टन, ओरेगन अशा राज्यांत मुलांना हॉटेलांत आणि सरकारी कार्यालयांत रात्री काढाव्या लागल्या. सुधारणा घाईची ठरली, असे टीकाकार म्हणतात. दुसरीकडे २०२४मध्ये सेनेटच्या वित्त समितीने निवासी केंद्रांतल्या मारहाणीवर आणि हेळसांडीवर अहवाल दिला. म्हणजे उरलेल्या संस्थाही निर्धोक नव्हत्या. माझ्या मते कार्यालयात झोपणारी मुले हा मूळ युक्तिवादाचा सर्वांत कडू पुरावा आहे. संस्थेचे पैसे ठरल्या तारखेला थांबले, पण कुटुंबाचे पैसे त्याआधी पोहोचले नव्हते. नळ बंद करणे एका कलमाचे काम. नवी पाइपलाइन टाकायला वर्षे लागतात. १८७५मध्येही मुलांना गरीबगृहातून काढण्याचा दिवस ठरला होता, कुटुंबे उभी करण्याचा नव्हता.

ही पाइपलाइन कुठे टाकावी हेही इतिहासाने दाखवले आहे. नात्यातल्या माणसाला, तो नात्यातला आहे एवढ्याच कारणाने, प्रतिपालकाचा भत्ता नाकारता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९मध्ये दिला. २००८च्या कायद्याने मूल ताब्यात घेताच नातेवाइकांना शोधून कळवणे राज्यांवर बंधनकारक केले. २०२३मध्ये केंद्राने नातेवाइकांसाठी मान्यतेचे वेगळे, सोपे निकष ठेवायला मुभा दिली. आजीच्या घरात स्वतंत्र खोली नाही म्हणून नातवाला परक्या ठिकाणी पाठवण्याची वेळ येऊ नये म्हणून. नातेवाइकांकडे ठेवलेल्या मुलांचा वाटा आता एक तृतीयांशाच्या आसपास आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०९मध्ये सांगितलेल्या व्यवस्थेला पैशाची साथ मिळायला सत्तर वर्षे लागली आणि पुरती साथ अजून मिळालेली नाही.

भारताच्या २०१५च्या बालन्याय कायद्यानेही संस्था हा शेवटचा उपाय मानला आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत घरी किंवा प्रतिपालक कुटुंबात राहणाऱ्या मुलामागे महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेतली रक्कम २०२३मध्ये १,१०० वरून २,२५० रुपये झाली. तत्त्वाची लढाई इथेही जिंकलेली आहे, जशी ती अमेरिकेत १९०९मध्येच जिंकली गेली होती. तिथल्या इतिहासातून घ्यायचे ते एवढेच की, तत्त्व विचारू नये, तीन रकमा विचाराव्यात. संस्थेतल्या एका खाटेमागे सरकार किती देते, मूल सांभाळणाऱ्या मावशीला किंवा परक्या कुटुंबाला किती देते, आणि मूल घराबाहेर पडण्याआधी त्याच्या आईला किती देते. अमेरिकेत शंभर वर्षे पहिली रक्कम सर्वांत मोठी आणि तिसरी सर्वांत लहान राहिली, आणि मुले त्याच क्रमाने वाहत गेली. जिथे हा क्रम उलटा होईल, आणि संस्था बंद होण्याच्या तारखेआधी होईल, तिथेच त्या दोन दिवसांच्या परिषदेचा ठराव अमलात आला असे म्हणता येईल.